‘पाचशे गोळ्या झाडा, आपोआप रुळेल’: नव्या छोट्या पिस्तुलांबद्दलचा चुकीचा सल्ला

अंगावर लपवून बाळगायचं एखादं नवं छोटं पिस्तूल अमेरिकेच्या बाजारात येतं, ते अडकत असल्याच्या तक्रारी सुरू होतात आणि लगेच एक ठरलेलं उत्तर फिरू लागतं: ‘नवं आहे, पाचशे गोळ्या झाडा, आपोआप रुळेल. तरी अडकलं तर तुमची पकड सैल आहे. माझं तर एकदाही अडकलं नाही. आणि खरंच दोष असता तर सरकारने ते परत मागवायला लावलं नसतं का?’ ज्याचा जीव त्या पिस्तुलावर अवलंबून असू शकतो, त्याला असं सांगणं धोक्याचं आहे.

पकडीचं आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते. ती पूर्ण मागे जायची तर खालचा सांगाडा हाताने घट्ट धरलेला लागतो. मनगट ढिलं पडलं तर सांगाडाही मागे सरकतो, स्लाइडचा प्रवास अर्धवट राहतो आणि रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता अडकते. छोट्या पिस्तुलात सांगाडा हलका आणि स्लाइडचा प्रवास तोकडा असल्यामुळे हे जास्त होतं. इथवर मान्य. पण ढिल्या मनगटाने स्ट्रायकरचं, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळून गोळी उडवणाऱ्या दांड्याचं, टोक तुटत नाही. ओढलेला चाप पुढे परत येत नसेल, तर त्याचाही मनगटाशी काडीचा संबंध नाही. तक्रार कोणत्या प्रकारची आहे हे न विचारताच पकडीला दोष देणारे लोक नेमकी हीच माहिती झाकून टाकतात.

सिग सॉअर कंपनीचं पी३६५ आठवा. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या या पिस्तुलाची नळी ३.१ इंचांची आणि मॅगझिन दहा काडतुसांचं. एवढ्या छोट्या आकारात एवढी काडतुसं, म्हणून त्याची वाहवा झाली, ती योग्यच होती. पण पहिल्या काही महिन्यांतच स्ट्रायकर तुटल्याच्या आणि चाप निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या. झाडलेल्या पुंगळीचं बूड पाहिलं की एक खूण दिसायची. प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या मधोमध बसवलेल्या स्फोटक टोपीवर, स्वच्छ गोल खळगा असायला हवा, तिथे खळग्याला शेपूट फुटल्यासारखा ओरखडा. नळी खाली झुकू लागली तरी स्ट्रायकरचं टोक खळग्यातून निघालेलं नसे आणि ते प्रायमरवर घासत जाई. तुटलेल्या टोकांचा संबंध अनेकांनी याच आडव्या ताणाशी जोडला. (असा ओरखडा म्हणजे दोषच, असं मात्र नाही, उत्तम चालणाऱ्या काही पिस्तुलांतही तो दिसतो.) पुढे कंपनीने सुधारित भाग बसवले आणि या पिस्तुलाने चांगलं नाव कमावलं. ते नाव भाग बदलल्यामुळे मिळालं. नुसत्या गोळ्या झाडत राहून तुटका स्ट्रायकर जोडला गेला नसता.

रुळण्याने सुधारतं ते घर्षण: खडबडीत पृष्ठभाग गुळगुळीत होतात, नव्या कडक स्प्रिंगा थोड्या सैलावतात. चुकीच्या मापाचा भाग पाचशे गोळ्यांनंतरही चुकीच्याच मापाचा राहतो. रेमिंग्टन कंपनीचं आर५१ हे पिस्तूल २०१४ मध्ये बाजारात आलं आणि त्याच वर्षी कंपनीला ते परत घ्यावं लागलं. नमुन्यावरून मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाकडे जाताना अडचणी आल्या, हे कंपनीनेच मान्य केलं. सुधारित आर५१ यायला २०१६ उजाडलं. सुरुवातीच्या ग्राहकांनी कितीही काडतुसं जाळली असती तरी कारखान्यातली चूक दुरुस्त झाली नसती.

‘सरकारने परत मागवायला लावलं असतं’ हा मुद्दा तर साफ चुकीचा आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या कक्षेतून बंदुका आणि काडतुसं कायद्यानेच वगळलेली आहेत. टोस्टर परत मागवायला लावू शकणारा आयोग पिस्तुलाबाबत तसं करू शकत नाही. परत मागवायचं की नाही, हे बहुतेक वेळा कंपनीच ठरवते. स्प्रिंगफील्ड आर्मरी या कंपनीने २०१३ मध्ये एक्सडी-एस हे आपलं पिस्तूल परत मागवलं, कारण काडतूस भरताना चापाला हात न लावताही गोळी सुटण्याची शक्यता होती. असा निर्णय जाहीर होईपर्यंत पिस्तूल निर्दोष मानायचं, हा तर्क ग्राहकाच्या जिवावर बेततो.

राहिलं ‘माझं एकदाही अडकलं नाही’. किती गोळ्यांत? पन्नास गोळ्या विनाअडथळा गेल्या, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अडकण्याचं प्रमाण साधारण ६ टक्क्यांहून कमी आहे. ते १ टक्क्याखाली आहे असं म्हणायला सलग तीनशे लागतात. आणि तेही त्याच एका पिस्तुलापुरतं, त्याच काडतुसांपुरतं. सरावाच्या गोल नाकाच्या गोळ्या सहज आत सरकतात, पण बाळगायच्या पोकळ नाकाच्या गोळ्या त्याच चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी अडखळू शकतात. म्हणून चाचणी बाळगायच्या काडतुसांनीही घ्यावी.

पिस्तूल अडकलं तर ते रिकामं करा आणि काय घडलं ते लिहून ठेवा: कितवी गोळी, कोणतं काडतूस, कोणतं मॅगझिन, स्लाइड कुठे थांबली. पुंगळी फेकू नका, तिच्या बुडाचा फोटो काढा. भाग तुटला असेल किंवा चाप निकामी झाला असेल तर एकही गोळी न झाडता ते पिस्तूल थेट कंपनीकडे पाठवा, आणि दुरुस्त होऊन आल्यावर चाचणी पहिल्या गोळीपासून पुन्हा मोजा.