शिवराक थाळी, सुंगटां आणि ‘ग्लुटेन-फ्री’ भाकरी: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

रविवारी दुपारी आपण सहकुटुंब फोंड्याला आमच्याकडे जेवलात आणि दोन स्टार देऊन गेलात. आपली तक्रार थोडक्यात अशी: पत्नीला सुंगटांची (कोळंबीची) ॲलर्जी, म्हणून त्यांनी मुद्दाम शिवराक (शाकाहारी) थाळी मागवली, तरी आम्ही त्यांच्या ताटात भजी आणि नीरफणसाची कापां वाढली नाहीत. आईंना सिलियाक, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडं बिघडण्याचा आजार. मेनूकार्डावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेली नाचणीची भाकरी त्यांनी मागितली तर तीही नाकारली, वर वरणसुद्धा नको म्हणालो. ‘एक पदार्थ घालायचा नाही, एवढंच तर करायचं, त्यात कठीण काय?’ हा आपला प्रश्न. आणि वाढणाऱ्या मुलाने ‘गोळी आहे ना बरोबर?’ असं विचारलं, तेही आपण लिहिलंत.

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक सरळ आमची आहे. ते वाक्य आमच्या माणसाच्या तोंडी यायलाच नको होतं. त्याबद्दल माफी मागतो. सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीने खाज आणि अंगावरच्या गांधी कमी होतात. घसा सुजणं, श्वास अडकणं, रक्तदाब कोसळणं ती थांबवत नाही. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. खिशात गोळी आहे म्हणून धोक्याचं ताट पुढ्यात घ्यायचं, हा हिशेबच चुकीचा. वाढणाऱ्या सगळ्यांना आता सांगून ठेवलं आहे: जेवता जेवता कुणाला त्रास सुरू झाला तर आधी १०८ला फोन. माणसाला आडवं करून पाय थोडे उंच ठेवायचे, धाप लागली असेल तर टेकून बसवायचं. उठवून, चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही. आणि थोड्या वेळाने बरं वाटलं तरी हॉस्पिटलात जायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.

दुसरी चूकही आमचीच, आणि ती छापील आहे. भाकरीपुढे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला नको होतं. नाचणीत ग्लुटेन नसतं हे खरं. पण पिठाच्या गिरणीत आपल्या नाचणीच्या आधीचा डबा बहुधा गव्हाचाच असतो. दगडांच्या फटीत राहिलेलं गव्हाचं पीठ पुढच्या दळणाबरोबर खाली येतं. नंतर आमच्या स्वयंपाकघरात ती भाकरी चपातीची कणीक मळलेल्या परातीत थापली जाते आणि त्याच बिडाच्या तव्यावर भाजली जाते. बिडाचा तवा कुणी साबणाने खरवडून घासत नाही, तेलाचा थर राखावा लागतो. त्या थरातच सगळं धरून राहतं.

‘एवढ्याशाने काय होतं?’ असं आपण लिहिलंत, म्हणून आकडाच सांगतो. आपल्याकडे ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणायचं तर पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. १०० ग्रॅमच्या भाकरीत हे झाले २ मिलिग्रॅम. गव्हाच्या पिठात ८ ते १० टक्के ग्लुटेन धरा. म्हणजे त्या भाकरीत गव्हाचं पीठ २०–२५ मिलिग्रॅमवर गेलं की मर्यादा ओलांडली. चिमटीत धरलेल्या पिठाहूनही हे कितीतरी कमी आहे. परातीच्या काठाला त्याहून जास्त चिकटलेलं असतं.

आई घरी कधीमधी अर्धा पाव खातात आणि त्यांना काही होत नाही, असंही आपण म्हणता. हे वाचून खरं तर काळजी वाटली. सिलियाक ही ॲलर्जी नव्हे. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. ना गांधी उठतात, ना घसा सुजतो. कित्येकांचं पोटही दुखत नाही. आतडं मात्र झिजत राहतं आणि पुढे ते ॲनिमियाच्या, हाडं ठिसूळ होण्याच्या रूपाने बाहेर येतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने गेलं तरी आतड्याला इजा दिसते. अर्ध्या पावात ते ग्रॅमात मोजावं इतकं असतं. पोय (आपला गोव्याचा पाव) कोंड्याची असते म्हणून ती चालते, असा समज आपल्या गोव्यात फार आहे. कोंडाही गव्हाचाच.

वरणात गहू कुठून आला, तर हिंगातून. डबीतला पिवळा हिंग म्हणजे थोडासा हिंग आणि बाकी डिंक-पीठ. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैदा असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पण वाण्याकडे उभं राहून ते वाचतो कोण? तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. आम्ही वापरतो तो तसला नव्हता, म्हणून वरण दिलं नाही. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो, माल्ट व्हिनेगर जवाचं, बेबिंकेत मैदा. ‘ग्लुटेन नको’ म्हणून अर्धा तास चौकशी करून शेवटी थंडगार बिअर मागवणारी टेबलंही आम्ही पाहतो. बिअर जवाची असते. अशा टेबलांमुळे खऱ्या सिलियाकवाल्याचं म्हणणं स्वयंपाकघरात कुणी मनावर घेईनासं होतं, हा त्यातला मोठा तोटा.

आता सुंगटां. शिवराक म्हणजे ताटात मासळी-मटण नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेल वेगळं, कढई वेगळी, असं त्या शब्दात कुठेही नाही. आमच्या मोठ्या कढईत सकाळी भजी निघतात, दुपारी सुंगटांना रवा लावून तीही तिथेच तळली जातात. सुंगटां, कुर्ल्या (खेकडे), शेवंडं यांच्या ॲलर्जीला कारण होणारं मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन, आणि ते उष्णतेला दाद देत नाही. तेल १८० अंशांवर असलं म्हणून ते नाहीसं होत नाही, आणि तेल गाळल्याने फक्त जळका चुरा निघतो. कापांना लावायचा रवाही त्याच परातीतला, जिच्यात थोड्या वेळापूर्वी ओली सुंगटां घोळवलेली. (आणि रवा गव्हाचा, म्हणजे ती कापां आईंनाही चालली नसती.)

त्याहून लबाड म्हणजे सुकी मासळी. किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची कोरडी कोशिंबीर, करताना सुकी सुंगटां भाजून चुरली की त्याची पूड मसाल्याच्या वाट्यांवर, ओट्यावर, फडक्यावर बसते. काहींना तर शिजतानाच्या वाफेनेही त्रास होतो. आपल्या पत्नी तशांपैकी असतील तर किसमूर असेल त्या दिवशी आमच्याकडे येऊच नये, हे स्पष्ट सांगतो.

त्या इसवण (सुरमई), बांगडा खातात, मग तव्यावरचा बांगडा का नाकारला, हेही आपण विचारलंत. मासळी आणि सुंगटां यांची ॲलर्जी वेगवेगळ्या प्रथिनांची असते, म्हणून मासे खाणाऱ्याला सुंगटां बाधू शकतात आणि उलटही. बांगड्याला आमची ना नव्हती. तवा सुंगटांचा होता. तिसऱ्या आणि शिनाण्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, प्रश्न वेगळा: त्यांत ट्रोपोमायोसिन असतं, काहींना चालतात, काहींना नाही, ते डॉक्टरांनीच ठरवावं. आपल्याकडच्या लेबलाच्या नियमात सुंगटां-कुर्ल्यांचा वर्ग ॲलर्जीच्या यादीत आहे, शिंपल्यांचा नाही. पाकिटावर इशारा नाही म्हणून आत ते नाहीत असं धरू नका.

जाता जाता आपण स्वतःबद्दल लिहिलंत की गेल्या वर्षी बांगडा खाऊन अर्ध्या तासात तोंड लाल झालं, डोकं ठणकलं, आणि तेव्हापासून आपण मासळीच सोडली. ती ॲलर्जी असेलच असं नाही. बांगडा आणि ट्यूनासारखी मासळी काही तास बर्फाविना राहिली की जिवाणू तिच्यातल्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. ॲलर्जीत शरीर जे सोडतं तेच हिस्टामिन इथे आयतं ताटातून येतं, म्हणून लक्षणं हुबेहूब तशीच. तळून, शिजवून, फ्रीझरमध्ये ठेवूनही एकदा झालेलं हिस्टामिन जात नाही. मासळी दिसायला ताजी असू शकते, कधी जिभेला तिखट चुरचुरते इतकंच. त्या दिवशी तोच बांगडा खाणाऱ्या आणखी कुणाला त्रास झाला होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. ॲलर्जीची तपासणी त्वचेवर टोचून किंवा रक्तातलं विशिष्ट आयजीई (ॲलर्जीतलं प्रतिपिंड) पाहून करतात. दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या आयजीजी (वेगळ्या प्रकारचं प्रतिपिंड) तपासणीवर पैसे घालवू नका. आपण जे खातो त्याचं आयजीजी निरोगी माणसातही सापडतं. आणि खात्री करायला आमच्या टेबलावर बांगडा खाऊन पाहू नका.

आपल्याला पुन्हा यायचं असेल तर काय जमेल ते सांगतो. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन करा आणि पावणेबाराला या, कढईत सुंगटां पडण्याआधी. पत्नींसाठी स्टीलचा वेगळा पॅन, नवं तेल, वेगळा चिमटा. मसाला रगड्यावर किंवा रोजच्या मिक्सरमध्ये वाटणार नाही. दगडाच्या छिद्रांत आणि भांड्याच्या पात्याखालच्या रबरात जुनं वाटण राहतं. त्यासाठी वेगळं भांडं आणलं आहे. हात साबणाने धुतले जातील. सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिन हातावरून काढत नाही.

आईंसाठी उकड्या तांदळाचा भात, ओल्या खोबऱ्याची बिनहिंगाची भाजी, सोलकढी आणि केळीच्या पानात वाफवलेली मासळी देऊ. भाकरी नाही. वेगळी घरघंटी आणि वेगळी परात ठेवायला आमच्याकडे जागा नाही, आणि त्याशिवाय ती देणं म्हणजे थाप मारणं. इतकं करूनही हे एकाच स्वयंपाकघरात शिजलेलं अन्न आहे; पूर्ण हमी आम्ही देत नाही, आणि मागच्या वेळी किती थोड्याने किती त्रास झाला होता हे आपण सांगितलंत तरच हो किंवा नाही म्हणू.

नवं मेनूकार्ड छापून यायला पंधरा दिवस आहेत. तोवर जुन्या कार्डांवर भाकरीपुढच्या त्या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवली आहे.

— मालक आणि स्वयंपाकघर, फोंडा