वीस ऑक्टोबरची आठवण कोण काढतो?

मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिलेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही. आता आधीपेक्षा उंच पुतळा उभा आहे, तरी कंत्राट कुणाचं, दोष कुणाचा, हे चालूच. २०२५ च्या जुलैत बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा भांडण श्रेयावरून. हे सगळं मी अलेक्झांड्रियात बसून वाचतो. इथेही आरमाराचा वारसा सरकार मोठ्या अभिमानाने मिरवतं. भांडत मात्र कुणी नाही.

इजिप्तचा नौदल दिन २१ ऑक्टोबरला असतो. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलकडून दारुण पराभव झाल्यावर चारच महिन्यांनी, पोर्ट सैद बंदरातूनच, छोट्या रशियन बनावटीच्या क्षेपणास्त्र नौकांनी इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका बुडवली. जहाजावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने युद्धनौका बुडण्याची ही जगातली पहिली वेळ. चार वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, आपल्या निपात, निर्घात आणि वीर या नौकांनी कराचीवर हल्ला केला तो याच जातीच्या ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्रांनी. म्हणजे त्यांचा नौदल दिन आणि आपला नौदल दिन एकाच शस्त्राने दिलेले आहेत. हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं की चहा हमखास मिळतो.

पण आदल्या तारखेचं, २० ऑक्टोबरचं, नाव काढून बघा. १८२७ साली त्या दिवशी ग्रीसमधल्या नवारिनोच्या उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन जहाजांनी इजिप्तचा शासक मुहम्मद अली याचं आरमार, तुर्की सुलतानाच्या आरमारासकट, काही तासांत संपवलं. ग्रीकांचं बंड मोडायला सुलतानाच्या वतीने गेलेलं हे आरमार होतं. दुसऱ्याच्या भांडणात आपली जहाजं गेली.

मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मुहम्मद अलीने १८२९ मध्ये सेरीझी नावाच्या फ्रेंच अभियंत्याला बोलावून अलेक्झांड्रियात गोदी उभी केली. या देशात जहाजाच्या लाकडाची वानवा पूर्वापार. प्राचीन फॅरो खुफूच्या नौकेचं देवदारही लेबनॉनचं. तरीही बाहेरून लाकूड आणून, वेठीला धरलेल्या फलाहीनांना, म्हणजे शेतकऱ्यांना, सुतारकाम शिकवून १८३१ साली शंभर तोफांचं जहाज पाण्यात उतरलं. दहा वर्षांनी, युरोपी सत्तांच्या दडपणाखाली, सुलतानाच्या फर्मानाने इजिप्तला परवानगीशिवाय युद्धनौका बांधायला बंदी केली. आरमार तोफांनी बुडालं तर पुन्हा बांधता येतं, हे या गोदीने दाखवून दिलं होतं. म्हणूनच बंदी घातली ती बांधण्यावर.

हे इथल्या चौकात कोण बोलणार? २०२१ मध्ये पश्चिमेकडे गरगूबला मोठा नौदल तळ सुरू झाला, त्याचं नाव ‘३ जुलै’. २०१३ साली याच तारखेला लष्कराने अध्यक्ष मुर्सींना हटवलं होतं. लष्करी जागेचा फोटो काढणं इथे गुन्हा आहे, आणि मी परका माणूस, तेव्हा त्या नावाबद्दल माझं मत मी माझ्याजवळच ठेवतो.

आपल्याकडे मत जवळ ठेवायची सक्ती नाही. म्हणूनच चीड येते, की एवढा मोकळा आवाज आपण पुतळ्याच्या उंचीवर आणि श्रेयावर खर्च करतो. आपलंही एक नवारिनो आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले आणि जमिनीवर त्यांच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. तुळाजी उद्दाम होते, पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरंच. पण घरचं भांडण मिटवायला नानासाहेबांनी इंग्रजांचं आरमार बोलावलं, आणि कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना धाक घालणारी सर्वांत मोठी ताकद गेली. पुढे धुळपांनी विजयदुर्गातून पेशव्यांचं आरमार चालवलं, पण आंग्र्यांचा तो दरारा परत आला नाही.

एक आठवण जाता जाता. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना हरवलं ते इजिप्तच्या मामलुक आरमाराने, दीवचा सुभेदार मलिक अयाझ याच्या मदतीने. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा तिथे मारला गेला. वर्षाच्या आत बापाने दीवला येऊन सूड घेतला. इजिप्तमध्ये हे चौल कुणाला माहीत नाही, आणि चौलशेजारच्या रेवदंड्याला फिरायला येणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल याचीही मला शंकाच आहे.

ग्रुपवर मी एक सूचना टाकली आहे. ४ डिसेंबर जोरात होऊ द्या, सलामी, रोषणाई, सगळं. पण फेब्रुवारीत एक दिवस विजयदुर्गावरही कार्यक्रम करा, जळालेल्या आरमाराचा. आणि त्या दिवशीचं मुख्य भाषण पुण्याच्या माणसालाच द्या. पुण्याच्या काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही.