रद्दीच्या काट्यावर चिंटू

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबेल.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय म्हणून सकाळपासून माळा उपसत होतो. खाली येऊन बघतो तर रद्दीवाल्याच्या काट्यावर अण्णांची वही! 'सकाळ'मधली चिंटूची चित्रपट्टी रोज ब्लेडनं कापून, खळ लावून चिकटवलेली ती जाडजूड वही. ठेवणारे आमचेच एक शहाणे नातेवाईक. वर म्हणतात, "पोरांची चित्रं रे ती. अग्रलेख असते तर गोष्ट वेगळी."

अग्रलेख! 1991 सालचा अग्रलेख आज कोण वाचतंय? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी तीन-चार चौकटींत जे पुणं पकडलं, ते कुठल्या अग्रलेखात सापडतं, दाखवा मला. जोशीकाकूंचं गाणं, पप्पू, मिनी, बगळ्या, सोसायटीतलं क्रिकेट. आमच्या क्रिकेटच्या जागेवर आता पार्किंगचे पट्टे आहेत. सगळा मध्यमवर्गीय मामला होता, मान्य. पुढे.

अण्णा फारसे हसायचे नाहीत. पण पेपर आला की आधी ब्लेड. मागच्या बातमीला भोक पडायचं आणि आजोबा रोज ओरडायचे, "मी काय निम्मा पेपर वाचायचा?" रोज! तरी कापणं थांबलं नाही.

"पुस्तकं निघालीत की चिंटूची, घे विकत," हेही ऐकवून झालं. निघालीत, माझ्याकडेही आहेत. पण वहीतला खळ सुटलेला कोपरा उचलला की मागे अर्धी निधनवार्ता, अर्धी नाटकाची जाहिरात. ते पुस्तकात कुठून आणणार?

लिहितालिहिता राग जरा उतरला. ते नातेवाईकही बिचारे सकाळपासून माझ्यासाठीच धूळ खात होते.

सातवीत गणितात नापास झालो, तेव्हा अण्णा चकार शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत कंपासपेटी उघडली तर आत घडी घातलेला चिंटू. वहीतल्या त्या पानावर अजून नुसता खळीचा चौकोनी डाग आहे.

आणि मे 1994 ची पानं कोरी आहेत. आम्ही महिनाभर गुहागरला होतो. परत आल्यावर कुणाकडून तरी अंक मिळवायचे म्हणून अण्णांनी पेन्सिलीनं तारखा तेवढ्या घालून ठेवल्यात. कुणाच्या माळ्यावर तेव्हाचे पेपर असतील तर मेसेज करा. ब्लेड मी घेऊन येतो.