भोकं आहेत, मग लेप कशाला?

नमस्कार काका,

'एअरबॅगला कंपनीच मागे भोकं पाडते आणि तुम्ही म्हणता हवा अडवायला सिलिकॉनचा लेप! चाळणीला रंग देण्यातला प्रकार. आमच्या कांजीसारखंच काहीतरी असणार. सोलापुरात 40 वर्षं माग चालवतोय, आम्हाला कापड शिकवू नका.' एअरबॅगच्या कापडावरच्या माझ्या लिखाणावर ही तुमची प्रतिक्रिया. कापड शिकवायची माझी काय बिशाद! पण भोकांचं बोलू.

ती मापून पाडलेली असतात. डोकं आदळलं की तेवढ्यातूनच वायू सुटायचा, म्हणजे पिशवी दगडासारखी लागत नाही. ताण्याबाण्याच्या फटींचं तसं नाही, ताण पडला की त्या रुंदावतात. त्यात ड्रायव्हरची पिशवी लहान, वायू सोडणारा इन्फ्लेटर तिच्या तोंडाशीच, आणि फुगायला 30-40 मिलिसेकंद. गरम वायूबरोबर तापलेले कणही येतात. पिशवीचं कापड असतं नायलॉन 66 चं, ते साधारण 260 अंशांना वितळतं, म्हणून लेप आतल्या बाजूला.

लहानपणी विहिरीत ओल्या लुंगीचा फुगा करून तुम्हीही पोहला असाल. कोरडी लुंगी हवा धरत नाही, ओली धरते, कारण फटींत पाणी बसतं. सिलिकॉन तेच करतं, फक्त वाळून उडून जात नाही. खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या पिशवीला तर सहसा भोकंच नसतात. गाडी कोलांट्या खात असताना तिला पाच-सहा सेकंद फुगलेलं राहायचं असतं, म्हणून तिचा लेपही जाड.

आता कांजी. ती विणण्याआधी सुताला देतात आणि नंतर धुऊन काढतात. इथे विणलेल्या कापडावर दोन भागांचं सिलिकॉन ओतून पात्याने निपटतात, मग भट्टीत पक्कं करतात. कापडावर गंधकाचा अंश जरी राहिला, तरी सिलिकॉन पक्कं करणारं आतलं प्लॅटिनम निकामी होतं आणि लेप चिकटच राहतो. ड्रायव्हरच्या पिशवीला तो चौरस मीटरमागे 25 ते 40 ग्रॅम पुरतो. तुमचा टॉवेल 400 च्या पुढे! पूर्वी लेपाला वापरायचे ते निओप्रीन, म्हणजे एक कृत्रिम रबर, याहून जड, आणि उष्णतेत जुनं होताना त्यातून सुटणारं आम्ल नायलॉनच खायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात लावलेली गाडी आठवा.

एका बाबतीत मात्र मी चुकलो. 'प्रत्येक एअरबॅगला लेप असतो' असं लिहिलं होतं. शेजारच्या सीटसमोरची पिशवी मोठी असते, वायू तिच्यात निवतो, त्यामुळे ती बरेचदा बिनलेपाचीच असते. मजकूर दुरुस्त केलाय.

लेपाच्या कापडाचा वीतभर तुकडा माझ्याकडे आहे. रविवारी कारखान्यावर घेऊन येतो, तोंडाला लावून फुंकून बघा. चहा तुमच्याकडे.