पार्क घेतलं? मग पहिले बोर्ड बदला

हे बघा भाऊ, समजा नागपूरच्या रिंगरोडजवळची वडिलोपार्जित जमीन विकून तुमच्या हाती चार पैसे आले आणि तुम्हाला वाटलं की अमरावती रोडकडचं एखादं चालतं-बोलतं वॉटर पार्क घेऊन टाकावं, तर अभिनंदन. आता ताबा मिळाला म्हणून लगेच पाण्याचं फिल्टर पाहायला धावू नका. आकाशपाळणा करकरतो म्हणता? करकरू द्या ना बाप्पा, पब्लिकला तेवढंच थ्रिल. पहिले गेटवरचा बोर्ड उतरवा. जुन्या मालकानं आईचं नाव दिलं असेल तर तुम्ही इंग्रजी द्या, त्यानंच इंग्रजी दिलं असेल तर शेवटी 'वर्ल्ड' लावा, अन् वर्ल्ड आधीच असेल तर 'किंगडम'.

काहून म्हणता? अमेरिकेत मोठमोठ्या कंपन्यांनी हेच केलं. ओहायोत क्लीव्हलँडजवळ जिऑगा लेक नावाचं जुनं पार्क होतं, 1925 चा लाकडी रोलर कोस्टर होता तिथे. मालक सिक्स फ्लॅग्ज नावाची पार्कांची कंपनी, म्हणून 2000 साली ते झालं सिक्स फ्लॅग्ज ओहायो. मग त्या कंपनीनं तळ्याच्या पलीकडचं सीवर्ल्ड हे समुद्री प्राण्यांचं पार्कसुद्धा घेतलं, तर 2001 ला सिक्स फ्लॅग्ज वर्ल्ड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर. 2004 मध्ये सीडर फेअर या दुसऱ्या पार्क कंपनीनं 14.5 कोटी डॉलर मोजून ते घेतलं अन् परत जिऑगा लेक केलं, 2005 ला त्याला 'अँड वाइल्डवॉटर किंगडम' जोडलं. चार बारशी! बाळाची तब्येत कोणी विचारली नाही ती गोष्ट वेगळी. पाळण्यांचंही तेच, मालक बदलला तसे बॅटमॅन-सुपरमॅन गेले, बॅटमॅनचा झाला डॉमिनेटर आणि सुपरमॅनचा स्टील व्हेनम, लोखंड तेच.

आता आपल्याकडचा एक प्रॉब्लेम आधीच सांगून ठेवतो. नागपूरचा माणूस नवीन नाव घेत नाही. क्रेझी कॅसल नावाचं वॉटर पार्क कधीचं बंद झालं, तरी अंबाझरीकडचा पत्ता विचारा, कोणीतरी सांगतंच, "ते क्रेझी कॅसल होतं ना, तिथून पुढे." तुम्ही लाखभर रुपयांचा एलईडी बोर्ड लावाल न ऑटोवाला शेवटपर्यंत जुनंच नाव घेऊन सवाऱ्या बोलावंल. त्याचं मनावर घेऊ नका. बदल दिसला पाहिजे म्हणून तिकिटाचे रेट वाढवा, आणि गेटवर पिशव्या तपासायला एक पोरगा ठेवा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत आलेल्या बाईच्या डब्यातून त्यानं मेथीचे पराठे काढून घेतले, की मॅनेजमेंट बदललं हे गावभर आपोआप कळतं, जाहिरातीचा खर्च नाही.

बरं, काही लोक चुकीचं उदाहरण घालून देतात, त्यांच्यापासून सांभाळा. खोपोलीजवळचं इमॅजिका, 2013 मध्ये अ‍ॅडलॅब्सवाल्यांनी सुरू केलं, कर्जात रुतलं, 2022 ला संगमनेरच्या मालपाणींनी घेतलं. गाय छाप जर्दावाले मालपाणी, तेच. एवढा घरचा ब्रँड हाताशी असताना या लोकांनी गेटवर इमॅजिकाच ठेवलं! पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचं नावसुद्धा बदलायचं नाही, तर मग मालक झाल्याचा उपयोग काय, सांगा तुम्हीच.

अन् एवढं करूनही गर्दी नाहीच आली, तर बंद करायची पद्धत पण शिकून घ्या. सीझन चालू असताना तोंडातून अक्षर काढायचं नाही, नाहीतर लोक शेवटचं पाहायला येतात, रडतात, फोटो काढतात, उगाच ताप. जिऑगा लेकचा 2007 चा सीझन सप्टेंबरच्या मध्यात संपला आणि पाळणे कायमचे बंद, ही घोषणा त्यानंतर काही दिवसांनी झाली. वॉटर पार्क तेवढं 2016 पर्यंत चाललं. चांगले पाळणे खोलून कंपनीच्या दुसऱ्या पार्कांत नेले. तो स्टील व्हेनम, म्हणजे आपला सुपरमॅन हो, पेनसिल्व्हेनियात गेला आणि 2008 मध्ये व्हूडू म्हणून उभा राहिला. पुढच्याच वर्षी त्याचं नाव पझेस्ड.