आधी पाणी, मग हात : हिवाळ्यात गाडी धुण्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही १९८९ पासून इथे अमेरिकेत, मिनेसोटात आहात असं लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय. माझा इथला हा अकरावा हिवाळा. ‘थंडीत गाडी कशी धुवावी’ या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि बरंच खडसावलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात मांडतो. एक, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने धुतलेली गाडी दुसऱ्या दिवशी परत पांढरी होते, तेव्हा मार्चपर्यंत तिला हात लावू नये. दोन, फारच घाण झाली तर ड्राइव्हवेमध्ये कढत पाण्याची बादली ओतावी, नाहीतर नुसतं फडकं मारावं. भारतात रोज फडकं मारतात, कुणाचा रंग गेला? तीन, मी सुचवलेल्या टचलेस कार वॉशमधलं रसायन मिठापेक्षा वाईट. आणि चार, हल्लीच्या गाड्या गंजत नाहीत, आम्ही उगाच बाऊ करतो.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. टचलेसमध्ये ब्रश नसतो, त्यामुळे घाण सुटायला साबण तीव्र असावा लागतो. त्याने वॅक्स लवकर उतरतं. माझ्या लेखात ‘टचलेसने रंगाला काहीच होत नाही’ असं वाक्य होतं, ते चूक होतं आणि मी ते बदललं आहे. पण वॅक्स हा बळी जाण्यासाठीच लावलेला थर आहे. तो गेला तर नोव्हेंबरात लावला तसा पुन्हा लावता येतो. ओरखडा तसा भरून काढता येत नाही.

आता फडक्याबद्दल. या एका गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलोय.

पुण्यात आमच्या सोसायटीत सकाळी सहाला गाड्या पुसायला एक दादा यायचे. एक बादली, एक फडकं आणि दहा-बारा गाड्या उरकायच्या. त्यांना मी कधीच दोष देणार नाही. पण त्या गाड्यांची बोनेट पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली वाकून बघितली की दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसायचे. रंग गेला नव्हता, पण लकाकी गेली होती. आणि ती नुसती धूळ होती, तीही ओल्या फडक्याने पुसलेली.

इथे गाडीवर धूळ नसते, मीठ आणि वाळू असते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी काळी गाडी घेतली होती. जानेवारीत ऑफिसला जायच्या आधी दारावरचा तो पांढरा थर मला बघवेना. हातमोज्यानेच दार वरपासून खालपर्यंत पुसलं. काळा रंग परत दिसला, मी खूश. असं त्या हिवाळ्यात सात-आठ वेळा केलं असेल. एप्रिलमध्ये पहिल्यांदा स्वच्छ ऊन पडलं तेव्हा दारावर उभ्या रेघा दिसल्या, माझ्या हाताच्या बोटांच्या अंतरावर. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं, पण डोळ्यांना त्या दिसतच राहिल्या. ती गाडी विकेपर्यंत दिसत होत्या.

रंगावर जो क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपला केस त्याहून जाड असतो. ओरखडे काढायला पॉलिश मारतात म्हणजे हाच थर थोडा घासून खाली आणतात. तो पुन्हा भरून येत नाही. म्हणून म्हणतो, हिवाळ्यात रंगाला खरी इजा आपल्या हाताने होते, कोरडं पुसल्याने होते. मीठ पाण्यात विरघळतं. वाळू पाण्याच्या जोराने वाहून जाते. दोन्ही निघून गेल्यावर मग काय तो हात लावा. ब्रश नसलेला कार वॉश मी सुचवतो तो एवढ्यासाठीच.

याच कारणाने नाणी टाकून स्वतः गाडी धुवायच्या बे (खण) असतात, तिथला फेसाचा ब्रश वापरू नका. मागच्या वर्षी माझ्या पुढे एका पिकअपवाल्याने त्याच ब्रशने चाकं आणि मडगार्डच्या आतला चिखल घासला आणि ब्रश परत कडीला अडकवला. माझी पाळी आली तेव्हा मी ब्रशच्या केसांत बोटं घालून बघितली. चिमूटभर वाळू तळहातावर आली. त्या बेमध्ये फक्त पाण्याचा फवारा वापरावा, खालून वर आणि मग वरून खाली, आणि निघावं. छतावरचा बर्फ काढतानासुद्धा तेच: फोमचं डोकं असलेलं झाडणं घ्या, आणि शेवटचा बोटभर थर तसाच राहू द्या. कडक केसांचा ब्रश पत्र्याला टेकवूच नका.

कढत पाण्याबद्दल तुमचा अनुभव तीस वर्षांचा आहे आणि काही झालं नाही असं तुम्ही म्हणता. रंगाच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. कारखान्यात रंग भट्टीत भाजूनच पक्का करतात, एका बादलीने तो उडत नाही. माझी भीती काचेची आहे. उणे १५ सेल्सियसला गारठलेल्या काचेवर कढत पाणी पडलं की एक भाग झटकन फुगतो आणि शेजारचा तसाच आखडलेला राहतो. काच धडधाकट असेल तर बहुतेक वेळा निभावते. पण खडा लागून टवका उडालेला असेल, आणि इथल्या हायवेवर तो प्रत्येकाच्या काचेला असतोच, तर तिथून चीर धावते. दुसरं म्हणजे पाणी गोठताना जवळपास ९ टक्के फुगतं. रंगाच्या टवक्यात, दाराच्या फटीत, पेट्रोलच्या झाकणामागे जे पाणी साचतं ते कढत असो की गार, थोड्या वेळात त्याचा बर्फ होतो. आणि ड्राइव्हवेवर त्याची काच तयार होते, काका. माझ्या सासूबाई अशाच एका ड्राइव्हवेवर घसरून मनगट मोडून बसल्या होत्या, म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहितोय.

ड्राइव्हवेवरचं साबणाचं पाणी कुठे जातं हेही बघा. रस्त्याकडेच्या जाळीतून ते थेट तळ्यात जातं, वाटेत कुठे स्वच्छ होत नाही. कार वॉशचं पाणी सांडपाण्याच्या गटारातून शुद्धीकरण केंद्रात जातं, निदान साबण आणि तेल तरी निघतं. मीठ मात्र तिथेही निघत नाही. एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं खराब करतं, असं मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं दर हिवाळ्यात सांगतं. तेव्हा मिठाच्या बाबतीत कार वॉशला गेलं म्हणून पुण्य लागत नाही, हे मी कबूल करतो.

गंजाचा मुद्दा. बाहेरचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, म्हणून दारं आणि मडगार्ड पूर्वीसारखी सडत नाहीत. तुम्ही ऐंशीच्या दशकातल्या गाड्या पाहिल्यात, तेव्हा हा फरक तुम्हाला जास्त जाणवत असणार. पण गाडीचं पोट वेगळं आहे. ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सरचे हँगर, बोल्ट, सस्पेन्शनचे जोड यांना तेवढं संरक्षण नसतं, आणि मिठाचं पाणी नेमकं तिथे जाऊन बसतं. २०१५ मध्ये इथल्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने जुन्या पिकअप आणि एसयूव्हींच्या ब्रेकच्या नळ्या गंजण्याची चौकशी संपवली, तेव्हा मिठाच्या राज्यांमधल्या २००७ आणि त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांना सरळ सांगितलं: हिवाळाभर गाडीची खालची बाजू धूत राहा, वसंतात नीट एकदा धुवा आणि नळ्या तपासून घ्या. त्या राज्यांत मिनेसोटा आहे.

शिवाय रस्त्यावर आता नुसतं साधं मीठ नसतं. साधं मीठ साधारण उणे ९ सेल्सियसच्या खाली नीट काम करत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही क्षारं हवेतली ओल ओढून घेतात. म्हणजे गाडी कोरडी दिसते तेव्हाही तिच्या पोटाखाली ओला चिकट थर असतो. आणि गाडी गरम गॅरेजमध्ये उभी केली तर गंजाचा वेग उलट वाढतो, कारण बर्फ वितळून मिठाचं पाणी बनतं आणि त्याला ऊब मिळते. बाहेर उणे २० ला उभी असलेली गाडी त्या मानाने बरी. हे मला स्वतःला पटायला दोन हिवाळे लागले.

‘दुसऱ्या दिवशी परत पांढरी’ हे खरंच आहे. पण मी गाडी चमकावी म्हणून धूत नाही, खालचं मीठ उतरावं म्हणून धुतो. पंधरा दिवसांचं मीठ आणि एका दिवसाचं मीठ यात फरक आहे.

मी काय करतो ते सांगतो, लेखात ते विस्कळीत झालं होतं. दर दोन आठवड्यांनी, दुपारी ऊन असताना, तापमान २० फॅरनहाइटच्या वर असेल तेव्हा, म्हणजे साधारण उणे ७ सेल्सियस. त्याच्या खाली जात नाही. टचलेसमध्ये खालून पाणी मारणारा पर्याय घेतो, त्यासाठी दोन-तीन डॉलर जास्त पडले तरी. गाडी बाहेर काढली की लगेच चारही दारं आणि डिकी उघडून रबर आणि चौकटी सुक्या मायक्रोफायबरने टिपतो. टिपतो, घासत नाही. पेट्रोलचं झाकणही. त्या रबरांना ऑक्टोबरमध्येच सिलिकॉन लावलेलं असतं, त्यामुळे दार चिकटून उघडताना रबर फाटत नाही. मग रस्त्यावर हळू जाताना ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबतो, चकत्या कोरड्या होतात. त्या रात्री सपाट जागी हँडब्रेक लावत नाही, कारण ओली केबल गोठली की तो सकाळी सुटत नाही.

हाताने धुवायचीच असेल तर टचलेस करून घरी येऊन, गॅरेजमध्ये, कोमट पाण्यात, नंतर धुवून काढावं न लागणारं शाम्पूचं द्रावण घालून. एका वेळी एकच पत्रा, मऊ हातमोजा, आणि प्रत्येक पत्र्यानंतर मोजा दुसऱ्या बादलीत पिळून. वरून सुरुवात, दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण मीठ तिथेच जास्त असतं. वर्षभरात हे मी दोनदाच करतो. रोज करण्यासारखं ते नाही आणि तसं मी सांगणारही नाही.

तुमची गाडी २००६ ची आहे असं तुम्ही लिहिलंत, आणि तिच्यावर तुमचं किती प्रेम आहे तेही दिसलं. ती वरच्या २००७ आणि त्याआधीच्या गाड्यांत बसते, काका. पुढच्या ऑइल चेंजला गाडी लिफ्टवर चढवतील तेव्हा मेकॅनिकला मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या टॉर्च मारून बघायला सांगा. नुसता तांबूस रंग असेल तर ठीक. पापुद्रे सुटत असतील किंवा नळी ओलसर दिसली तर गाडी तिथेच ठेवा. काय निघालं ते इथे जरूर लिहा. शनिवारी दुपारी २८ फॅरनहाइट सांगितलंय, मी तेव्हा जाणार आहे.