शेठजी, जॉन लुईसची अर्धीच गोष्ट सांगितलीत

माझी मावसबहीण एका साड्यांच्या दुकानात सेल्सला आहे. सणासुदीत तिथे रात्री दहानंतरच शटर खाली येतं. त्यानंतर गिऱ्हाइकांनी उलगडून ठेवलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, कपाटं लावायची आणि मग घर. या वाढीव वेळेचे पैसे मागितले की "बघू." यंदा काउंटरवरच्या काही जणींनी मिळून विचारलं. शेठजी तोंडाने काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "सर्वांनी जरूर वाचावे." बहिणीने तो मला पाठवला. "खरं आहे का हे?" एवढंच विचारलं होतं तिने.

फॉरवर्ड थोडक्यात असा. लंडनमध्ये जॉन लुईस नावाच्या अनाथ पोराने छोटं दुकान काढलं, ते वाढत वाढत देशभर पसरलं. 1931 मध्ये गांधीजी लंडनला आले, तेव्हा त्यांचे विश्वस्तपणाचे (धन समाजाचं, धनिक फक्त राखणदार) विचार ऐकून या दयाळू माणसाने मुलांना काही न देता सगळं दुकान नोकरांना दान केलं. आज प्रत्येक नोकराच्या नावावर शेअर आहेत. दरवर्षी भरघोस बोनस मिळतो. आजवर एकालाही कामावरून काढलेलं नाही. तिथे युनियन नाही, कुणी ओव्हरटाइम मागत नाही, कारण प्रत्येक जण दुकान आपलं समजून राबतो. शेवटी ठळक अक्षरांत: "आपणही असेच वागूया!"

आधी गांधीजी, कारण ते सगळ्यात लवकर संपतात. गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले ते 1931 च्या सप्टेंबरात. जॉन लुईस वारला 1928 मध्ये. आता काय ऐकणार तो? आणि दुकान ट्रस्टकडे गेलं 1929 मध्ये, म्हणजे तेही गांधीजी येण्याच्या दोन वर्षं आधी. कल्पना विश्वस्तपणाशी जुळते, नाही असं नाही. पण जुळते म्हणून आपणच शिकवली असं होत नाही.

आता अनाथ पोराबद्दल. तेवढं खरं आहे. जॉन लुईस 1836 साली सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेट गावात जन्मला, सातव्या वर्षी पोरका झाला, कापडाच्या दुकानात उमेदवारी करून शिकला आणि 1864 मध्ये त्याने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर स्वतःचं दुकान टाकलं. पहिल्या दिवसाचा गल्ला 16 शिलिंग 4 पेन्स. रेशीम, लोकर, फिती, बटणं असला माल. भाव वाजवी, जाहिरातीवर खर्च जवळपास नाही, आणि माल भरपूर. त्यावर दुकान वाढलं. इथवर फॉरवर्डशी माझं भांडण नाही.

पण "दयाळू"? जमीनमालक लॉर्ड हॉवर्ड डी वॉल्डन यांच्याशी हा गृहस्थ वर्षानुवर्षं कोर्टात भांडला आणि कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल 1903 मध्ये, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावर, ब्रिक्स्टनच्या तुरुंगात तीन आठवडे बसून आला. पुढे स्लोन स्क्वेअरमधलं पीटर जोन्स हे दुकान विकत घ्यायला हजार-हजार पौंडांच्या वीस नोटा खिशात घालून ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून चालत गेला असं सांगतात. भाड्याच्या गाडीला पैसे कोण देणार! नोकरांच्या बाबतीतही हात असाच आखडता. 1920 मध्ये त्याच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या दुकानात पगार आणि वागणुकीवरून संप झाला. शेकडो जण, त्यांत बहुतेक काउंटरवरच्या मुली, बाहेर पडले. म्हातारा हटला नाही. संपकऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

दान वगैरे जे काही झालं ते या माणसाने केलेलंच नाही. ते केलं त्याच्या मुलाने, जॉन स्पीडन लुईसने, आणि बापाशी भांडून केलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बाप आणि लेक यांना एकाच फोटोत चिकटवलं आहे. इथेच गोष्टीचा सगळा अर्थ उलटा होतो, म्हणून जरा थांबतो.

स्पीडनला एकविसाव्या वर्षी धंद्यात चौथा हिस्सा मिळाला. त्याने वह्या तपासल्या. बाप, तो आणि त्याचा भाऊ ऑस्वल्ड, असे तिघे मिळून वर्षाला जेवढं घरी नेत होते, ते दुकानातल्या सुमारे 300 नोकरांच्या एकत्रित पगारापेक्षा जास्त होतं. हा हिशोब त्याच्या डोक्यातून गेला नाही. 1909 मध्ये घोड्यावरून पडून तो बरेच महिने अंथरुणाला खिळला, तेव्हा नफ्यात नोकरांना वाटा देण्याची योजना त्याने मनाशी जुळवली. 1914 मध्ये बापाने त्याला पीटर जोन्स सांभाळायला दिलं, तेही अशा अटीवर की दिवसभर ऑक्सफर्ड स्ट्रीटला काम करायचं आणि संध्याकाळी पाचनंतर हवं तर तिकडे जायचं. पीटर जोन्स तेव्हा तोट्यात होतं.

तिथे स्पीडनने पहिल्यांदा काय केलं? ग्रुपवर सुविचार टाकला नाही. कामाचे तास कमी केले. पगारी रजेचा तिसरा आठवडा दिला. नोकरांनी निवडलेल्या समित्या नेमल्या. बापाला हे वेडेपणाचं वाटलं, दोघांचं फाटलं, आणि 1916 मध्ये स्पीडनने ऑक्सफर्ड स्ट्रीटमधला आपला चौथा हिस्सा सोडून त्याबदल्यात पीटर जोन्सचा पूर्ण ताबा घेतला. चालत्या दुकानातला वाटा सोडून तोट्यातलं दुकान. दुकान सावरलं, आणि 1920 मध्ये तिथे नफ्याची पहिली वाटणी झाली.

म्हणजे 1920 या एकाच वर्षी, एकाच घराण्याच्या दोन दुकानांपैकी एकात नफा वाटला जात होता आणि दुसऱ्यात संपावरच्या मुलींना घरी बसवलं जात होतं. शेठजींनी फॉरवर्ड पाठवला मुलाचा, आणि वागणं?

"दान" या मुद्द्यावर थोडी नरमाई दाखवावी लागेल. बाप वारल्यावर दोन्ही दुकानं स्पीडनकडे आली आणि 1929 मध्ये त्याने शेअर ट्रस्टच्या हवाली केले. फुकट नाही. सुमारे 10 लाख पौंड त्याला मिळायचे ठरले, पण बिनव्याजी, तीस वर्षांत, दुकानाच्याच नफ्यातून. धंद्याच्या खऱ्या किमतीच्या मानाने ही रक्कम कमीच होती, व्याज सोडलं ते वेगळं. म्हणून अर्धं दान म्हणा, हवं तर. मात्र कारभाराची दोरी त्याने लगेच सोडली नाही. दुसरा, अखेरचा करार झाला 1950 मध्ये, आणि अध्यक्षपदावरून तो उतरला 1955 मध्ये. साधू वगैरे नव्हता तो. भांडवलशाही मोडावी असंही त्याचं म्हणणं नव्हतं. 1957 मध्ये बीबीसीवर बोलताना त्याने सांगितलं की भांडवलशाहीने पुष्कळ भलं केलं आहे, पण आजची स्थिती ही तिची विकृती आहे, आणि झोपडपट्ट्या संपलेल्या नसताना लक्षाधीश असणं हे सरळ चूक आहे. जास्त काम करणाऱ्याला जास्त मिळावं, पण फरक फार झाला आहे, असा त्याचा मुद्दा. हे भाषण त्या फॉरवर्डमध्ये का नाही, ते आपणच समजून घ्यायचं.

"प्रत्येक नोकराच्या नावावर शेअर." साफ खोटं. शेअर ट्रस्टकडे आहेत, सर्व कर्मचाऱ्यांच्या वतीने. देवस्थानची जमीन गावाची म्हणतात, पण सातबाऱ्यावर कुणा गावकऱ्याचं नाव नसतं, तसं. कर्मचाऱ्याला आपला हिस्सा विकता येत नाही, नोकरी सोडताना घेऊन जाता येत नाही. यात तोटा आहे तसा फायदाही: बाहेरचा कुणी येऊन शेअर गोळा करून दुकान गिळू शकत नाही. मध्यंतरी, 2023 मध्ये, बाहेरच्या गुंतवणूकदाराला छोटा हिस्सा देण्याची कल्पना पुढे आल्याची बातमी फुटली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की ती गुंडाळावी लागली.

"दरवर्षी बोनस, एकालाही काढलेलं नाही." कंपनीचे वार्षिक निकाल कुणालाही वाचता येतात, तेवढे वाचले तरी पुरे. चांगले दिवस खरंच होते. 2008 मध्ये बोनस होता वर्षाच्या पगाराच्या 20 टक्के, म्हणजे दहा आठवड्यांचा पगार, आणि माल लावणाऱ्यापासून अध्यक्षापर्यंत टक्केवारी सर्वांना सारखी. मग तो उतरत गेला. 2019 मध्ये 3 टक्के, 2020 मध्ये 2. 2021 मध्ये शून्य, 1953 नंतर पहिल्यांदाच. 2022 मध्ये पुन्हा 3. 2023 मध्ये 23 कोटी 40 लाख पौंडांचा तोटा आणि बोनस नाही. 2024 मध्ये नाही. 2025 मध्ये 12 कोटी 60 लाख पौंड नफा होऊनही नाही; पैसा दुकानांच्या डागडुजीला आणि मूळ पगार वाढवायला लागेल असं सांगण्यात आलं.

कामावरून काढण्याचं म्हणाल तर 2020 मध्ये आठ आणि 2021 मध्ये आणखी आठ दुकानं कायमची बंद झाली. त्यांत शेफील्डचं दुकान होतं, ज्याला तिथले लोक शेवटपर्यंत कोल ब्रदर्स म्हणत. 1940 मध्ये जॉन लुईसने सेल्फ्रिज या दुसऱ्या बड्या दुकानाच्या प्रांतिक शाखांचा गट विकत घेतला, त्यातून ते आलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मन बॉम्बनी ऑक्सफर्ड स्ट्रीटचं मुख्य दुकान जाळलं होतं. जॉन लुईसकडे ऐंशी वर्षं टिकलेलं कोल ब्रदर्स महामारीत गेलं. या बंद दुकानांतल्या हजारो "मालकांच्या" नोकऱ्यांवर गदा आली. आणि साफसफाई करणारे तर मालकही नाहीत; ते काम ठेकेदाराकडे आहे, आणि 2012 मध्ये त्याच सफाई कामगारांनी पगारासाठी ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या दुकानाबाहेर निदर्शनं केली.

आता ज्या ओळीसाठी हा सगळा फॉरवर्ड पाठवला गेला ती: तिथे युनियन नाही, कुणी काही मागत नाही, दुकान आपलं समजून राबतात.

युनियनचा तिथे फारसा जोर नाही, हे मान्य. पण का नाही? कारण मागण्याची सोय दुकानाच्या घटनेतच लिहून ठेवली आहे. घटना म्हणजे शब्दशः घटना, छापलेली, नियमांसकट. तिचं पहिलंच तत्त्व अनेक वर्षं असं होतं की या धंद्याचा अंतिम हेतू सभासदांचं, म्हणजे कर्मचाऱ्यांचं, सुख हा आहे, आणि ते सुख यशस्वी धंद्यातल्या समाधानकारक कामातून यावं. कर्मचारी आपले प्रतिनिधी मतदानाने कौन्सिलवर पाठवतात. हे कौन्सिल अध्यक्षाला पदावरून दूर करू शकतं. कागदावरची गंमत नाही ही: मे 2023 मध्ये कौन्सिलने अध्यक्ष शॅरन व्हाइट यांच्या मागच्या वर्षाच्या कामगिरीला पाठिंबा नाकारला. पुढच्या वाटचालीला दिला, पण आधी तोंडावर नाकारलं. सर्वांत वरच्या माणसाचा पगार हा साध्या कर्मचाऱ्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या 75 पटींहून जास्त असू नये अशी मर्यादाही घटनेत आहे. 75 पट म्हणजे काही थोडं नव्हे, पण निदान आकडा लिहिलेला आहे.

आणि गॅझेट. स्पीडनने 1918 मध्ये हे अंतर्गत साप्ताहिक सुरू केलं. त्यात कुणीही कर्मचारी पत्र लिहू शकतो, नाव न देतासुद्धा. कॅन्टीनच्या जेवणापासून वरिष्ठांच्या पगारापर्यंत कशावरही. पत्र छापलं जातं आणि ज्या अधिकाऱ्याबद्दल तक्रार आहे त्याला त्याच अंकात किंवा ठराविक मुदतीत जाहीर उत्तर द्यावं लागतं. शंभरावर वर्षं हे चालू आहे. म्हणजे "तिथे कुणी मागत नाही" हे वाक्य सपशेल उलटं आहे. तिथे मागतात, बिननावाने मागतात, आणि मालकाला उत्तर छापावं लागतं. आमच्या शेठजींच्या ग्रुपवर तर फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येतो.

दुकान आपलं समजून काम करा, हे म्हणायला हरकत नाही. मग वह्या उघडा, वर्षाचा नफा सांगा, त्यातला वाटा ठरवा, आणि रात्री दहानंतरच्या तासांचा दर लिहून द्या. हेही नको, तेही नको, नुसतं समजून घ्या, याला स्पीडनच्या गोष्टीत जागा नाही. असली तर ती बापाच्या गोष्टीत आहे.

बाकी किरकोळ. "सगळी दुकानं एकट्याने उभारली" म्हणे. बरीचशी वाढ ही दुसऱ्यांची चालती-बुडती दुकानं विकत घेऊन झाली: 1933 मध्ये नॉटिंगहॅमचं जेसप, 1937 मध्ये वेटरोज ही किराण्याची छोटी साखळी, 1940 मध्ये सेल्फ्रिजचा तो गट. आज कंपनीचा डोलारा ज्या वेटरोजने बराचसा तोलला आहे, ते तेव्हा अवघ्या दहा दुकानांचं होतं. फॉरवर्डमध्ये त्याचं नावही नाही.

आणि फॉरवर्डवरचा तो उंच खांबांच्या भव्य इमारतीचा फोटो जॉन लुईसचा नाहीच. तो त्याच रस्त्यावर जरा पुढे असलेल्या सेल्फ्रिजेसचा आहे, जे एका अमेरिकन माणसाने 1909 मध्ये उघडलं. बहिणीला हे सगळं पाठवलं आहे. ग्रुपवर टाकू नकोस असंही सांगितलं आहे, तसं ते टाकताही येणार नाही. पण तुमच्याकडे हा फॉरवर्ड आला तर तुम्ही खुशाल टाका.